प्रार्थनेनंतर कचेरीची पायरी

आपल्या रविवारच्या उपासनेत सगळ्यांत घाईने उरकली जाणारी प्रार्थना म्हणजे राज्यकर्त्यांसाठीची. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना आपण नाव घेतो, दवाखाना सांगतो, ऑपरेशन कोणत्या दिवशी आहे तेही सांगतो. परीक्षेला बसलेल्या मुलांची नावं एकेक करून घेतो. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांना विसरत नाही. आणि मग एका दमात राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि सर्व अधिकाऱ्यांना सुबुद्धी मागून दानार्पणाच्या गीताकडे वळतो. कोणता अधिकारी, कोणतं काम, कसली सुबुद्धी, यातलं काही त्या प्रार्थनेत नसतं. ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा माणसासाठी केल्यासारखी ती प्रार्थना होते.

भिंगारमधल्या सगळ्या मंडळ्यांना, मग त्या कोणत्याही पंथाच्या असोत, माझं कळकळीचं सांगणं आहे. ही प्रार्थना नीट करा, आणि ती करून झाल्यावर तिच्याप्रमाणे वागा.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीने काय काय करावं हे सांगायला घेतलं, तेव्हा राजे आणि अधिकारी यांच्यासाठीची प्रार्थना त्याने अगदी आरंभी घातली. त्या वेळी रोमचा सम्राट ख्रिस्ती नव्हता आणि मंडळीचा कैवारीही नव्हता. तरीही त्याच्यासाठी प्रार्थना करा असं पौल सांगतो. त्याच्या कितीतरी आधी यिर्मयाने बाबेलात कैद होऊन गेलेल्या आपल्या लोकांना पत्र पाठवलं. तिथे घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी झटा आणि प्रार्थना करा, असा त्याचा आशय आहे. लक्षात घ्या, बाबेल हे त्यांचं शहर नव्हतं, तिथलं राज्य त्यांच्या शत्रूचं होतं, आणि प्रार्थना मागितली होती ती संपूर्ण शहरासाठी, फक्त आपल्या वस्तीसाठी नाही. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे पुन्हा येतो.

आधी एक साधा प्रश्न. भिंगारवर राज्य कोण करतं? नगर शहरातल्या माणसाला महापौर, आयुक्त, नगरसेवक ही नावं तोंडपाठ असतात. तिथली महापालिका 2003 साली झाली. आपण मात्र छावणीत राहतो. आपला कारभार कॅन्टोन्मेंट बोर्ड पाहतं, ते केंद्र सरकारच्या संरक्षण मंत्रालयाखाली येतं, आणि त्याला 2006 चा कॅन्टोन्मेंट कायदा लागू आहे. बोर्डाचे अध्यक्ष लष्करी अधिकारी असतात. रोजचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतात. त्यांच्याबरोबर आपण निवडून दिलेले सदस्य बसावेत अशी कायद्याची रचना आहे. अशी निवडणूक जानेवारी 2015 मध्ये झाली होती. सदस्यांची पाच वर्षांची मुदत 2020 मध्ये संपली, वाढवून दिलेली मुदतही फेब्रुवारी 2021 मध्ये संपली, आणि देशभरातल्या बहुतेक छावण्यांप्रमाणे इथेही निवडून आलेल्या सदस्यांशिवाय कारभार सुरू झाला. अशा बोर्डात अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेला एक नागरी सदस्य, एवढेच असतात. 30 एप्रिल 2023 ला मतदान घेण्याचं जाहीर झालं होतं. मार्चमध्ये तेही रद्द झालं. छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या महापालिकांना जोडायचे, असं केंद्राचं धोरण पुढे आलं आणि भिंगारचं काय होणार ही चर्चा सुरू झाली.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण आपल्या प्रार्थनेत यातलं काहीच नसतं. ज्या गावाला स्वतःचा निवडलेला सदस्य नाही, ज्याचा नागरी भाग उद्या कुणाच्या हाती जाईल हे ठरायचं आहे, त्या गावातल्या मंडळीने फक्त दिल्ली आणि मुंबईच्या खुर्च्यांसाठी प्रार्थना करावी, हे बरोबर नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं नाव माहीत करून घ्या आणि ते नाव घेऊन प्रार्थना करा. अध्यक्षांचं नाव घेऊन करा. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी, सफाई कामगारांसाठी, कॅन्टोन्मेंटच्या शाळेतल्या शिक्षकांसाठी, भिंगार कॅम्प पोलीस ठाण्यातल्या हवालदारासाठी करा. तुम्ही ज्या पक्षाला मत दिलं नाही त्या पक्षाच्या आमदारासाठी तर आवर्जून करा. असं महिनाभर करून बघा. ज्याच्यासाठी रोज प्रार्थना केली त्याला चौकात उभं राहून शिव्या देणं जड जातं. त्याच्यापुढे लाचार होणंही तितकंच जड जातं, कारण आपण त्याच्यासाठी ज्याच्याकडे मागतो तो त्याच्याहून मोठा आहे, हे मनात पक्कं होतं.

आता प्रार्थनेनंतरचं. यासाठी माझ्या मते पवित्र शास्त्रात नहेम्यासारखा दुसरा शिक्षक नाही. हा मंदिरातला याजक नव्हता, संदेष्टाही नव्हता. पारसाच्या राजाच्या पदरी प्यालेबरदार होता, म्हणजे परक्या सरकारातला नोकरदार. यरुशलेमचा तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, हे ऐकून तो रडला, उपवास केला, प्रार्थना केली. ही प्रार्थना साधारण चार महिने चालली. आपण बहुतेक जण इथेच थांबतो आणि देव करील म्हणतो. नहेम्या थांबला नाही. राजाने विचारल्याबरोबर त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली आणि लगेच मागणी मांडली. तीही मोघम नाही. किती दिवस लागतील ते सांगितलं, नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावाने पत्रं मागितली, वेशींच्या तुळयांसाठी वनरक्षकाला लाकडाचा हुकूम मागितला. याचा अर्थ असा की त्या चार महिन्यांत त्याने प्रार्थनेबरोबर हिशोबही केला होता, कोणत्या अधिकाऱ्याच्या हातात काय आहे याची माहिती काढली होती. यरुशलेमला पोचल्यावर कुणाला न सांगता रात्री फिरून तटाची पाहणी केली. नंतर काम घराघरांत वाटून दिलं, ज्याचं घर जिथे त्याने त्याच्यासमोरची भिंत बांधायची. शत्रूंनी धमक्या दिल्या तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. बावन्न दिवसांत तट उभा राहिला.

यातलं कोणतं पाऊल आपण भिंगारमध्ये उचलू शकत नाही? तुंबलेल्या नाल्याबद्दल प्रार्थना करण्याआधी तो नाला कुठून कुठे जातो हे चालत जाऊन बघता येतं. कोणाच्या हद्दीत येतो हे विचारता येतं. फोटो, तारीख आणि गल्लीचं नाव घालून अर्ज लिहिता येतो. पोच घेता येते. पोच घ्याच. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

राजकारण घाण आहे, विश्वासणाऱ्याने त्यात पडू नये, असं सांगणारी वडीलधारी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांची तळमळ खरी आहे. राजकारणात जाऊन बिघडलेली आपली माणसं त्यांनी पाहिली आहेत, निवडणुकीपायी एकाच मंडळीत दोन तट पडलेले पाहिले आहेत. पण त्यांना मी आदराने विचारतो. योसेफ फारोच्या दरबारात होता, दानीएल बाबेलच्या, एस्तेर तर राजवाड्यात. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचं पाप तोंडावर सांगितलं. पौलाला बांधून फटके मारायला निघाले तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं आणि पुढे कैसराकडे दाद मागितली. नागरिक म्हणून मिळालेला हक्क वापरणं त्याला अविश्वासाचं वाटलं नाही. मग आपल्यालाच का वाटावं?

आणि आपल्या महाराष्ट्रातच पाहायचं तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. मुक्ती मिशनमध्ये 1905 साली प्रार्थनेची जी लाट उसळली तिच्याबद्दल आपल्या पाळकांकडून तुम्ही ऐकलं असेल. रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनेचे गट केले आणि रोज प्रार्थना चालू ठेवली. ही बाजू आपण कौतुकाने सांगतो. दुसरी बाजू फारशी सांगत नाही. याच बाईंनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांना डॉक्टर करण्याची मागणी केली. 1889 मध्ये मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा त्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. आणि 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला, सोजिरांकडून घरांची झडती सुरू झाली, लोकांना उचलून छावण्यांत नेण्यात आलं, तेव्हा तिथे बायका-मुलींचे काय हाल होतात हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात उघडपणे लिहिलं. त्या लिखाणाचा प्रतिध्वनी विलायतेत उमटला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचं म्हणणं नाकारलं. रमाबाई डगमगल्या नाहीत.

हे नीट समजून घ्या. सरकार इंग्रजांचं होतं, म्हणजे रमाबाईंच्याच धर्माचं म्हणवणाऱ्यांचं. त्यांच्या कामाला पैसा विलायत-अमेरिकेतून येत होता. गप्प राहणं सगळ्या बाजूंनी सोयीचं होतं. पण ज्या मुलींसाठी त्या गुडघे टेकत होत्या, त्याच मुलींसाठी त्यांनी लेखणी उचलली. सरकार आपल्या धर्माचं आहे की नाही हा प्रश्न त्यांनी विचारात घेतलाच नाही. आपणही घेऊ नये. उद्या कुणी ख्रिस्ती माणूस निवडून आला आणि त्याने चुकीचं काम केलं, तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि त्याला जाबही विचारायचा.

आपल्या नगरलाही ही परंपरा परकी नाही. 1831 मध्ये इथे अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. सिंथिया फॅरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, त्या पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी फॅरार बाईंकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. 'ज्ञानोदय' 1842 मध्ये इथेच सुरू झालं आणि धर्माबरोबर समाजाचे प्रश्नही त्याच्या पानांवर आले. रेव्हरंड टिळक ख्रिस्ताचे भक्त होते आणि देशाचेही. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं, ते सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी. यांच्यापैकी कुणीही फक्त आपल्या मंडळीपुरतं मागितलं नाही.

आणि इथेच आपलं चुकतं. यिर्मयाचा मुद्दा मी मघाशी बाजूला ठेवला होता, तो हाच. मंडळ्यांकडून पुढाऱ्यांकडे जाणारे अर्ज बघा. चर्चच्या आवाराला भिंत, आवारात पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट दिवा, कब्रस्तानाला कुंपण. यातली कब्रस्तानाची मागणी रास्तच आहे, ती लावून धराच. पण शेजारच्या गल्लीत चार-चार दिवसांनी पाणी येत असेल आणि आपला अर्ज फक्त आपल्या भिंतीसाठी असेल, तर शहराच्या कल्याणासाठी आपण झटतो असं म्हणता येणार नाही. मुसलमान, बौद्ध, हिंदू शेजाऱ्यांच्या सह्यांबरोबर आपली सही असलेला पाण्याचा अर्ज मंडळीतून निघावा. अशा अर्जाचं वजनही जास्त असतं.

निवडणूक आली की आणखी एक प्रकार सुरू होतो. त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. उमेदवार रविवारी उपासनेच्या वेळी येतो. नाताळच्या आसपास निवडणूक असेल तर केक आणि फलक घेऊन येतो. मंडळीतला कुणीतरी पुढे होऊन त्याला शाल देतो आणि सगळा समाज तुमच्या पाठीशी आहे असं जाहीर करतो. समाजाला कुणी विचारलेलं नसतं. एकगठ्ठा मतं देण्याचा असा शब्द कुणालाही देता येत नाही, कारण मत गुप्त आहे आणि ते ज्याचं त्याचं आहे. ज्या दिव्याच्या खांबावर पुढाऱ्याचं नाव झळकतं तो आमदार निधीतून येतो, म्हणजे तुमच्या-माझ्या कराच्या पैशातून. त्याची परतफेड मताने करण्याचं काहीच कारण नाही.

कायदाही इथे अगदी स्वच्छ आहे. धर्मस्थळाच्या जागेत राजकीय प्रचार करायला 1988 च्या धार्मिक संस्था दुरुपयोग प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे. संस्थेच्या चालकांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धर्माच्या नावाने मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचार ठरतो. 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, मुंबईतल्या एका विधानसभा निवडणुकीवरून सुरू झालेल्या खटल्यात, बहुमताने सांगितलं की यात उमेदवाराचा धर्म जसा येतो तसा मतदाराचाही येतो. तेव्हा ख्रिस्ती आहात म्हणून अमक्याला मत द्या, हे व्यासपीठावरून सांगणं चूक आहे, मग सांगणारे पाळकसाहेब असोत की पंचकमिटीचे सभासद.

पण उमेदवार दारात आला तर हाकलायचं का? मुळीच नाही. त्याला बसायला जागा द्या. उपासना सगळ्यांसाठी खुली आहे. माईक मात्र देऊ नका. त्याने प्रार्थना मागितली तर निवडणुकीला उभ्या असलेल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करा, त्याच्या एकट्याच्या विजयासाठी नाही. प्रश्न विचारायचे असतील तर सार्वजनिक ठिकाणी, सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलावून, शेजाऱ्यांसह विचारा.

मंडळीने पक्षापासून अंतर राखावं याचा अर्थ मंडळीतल्या माणसांनी पक्षात जाऊ नये असा नाही. एखादी मुलगी किंवा मुलगा कुठल्या पक्षाचं काम करतो म्हणून त्याच्याकडे तिरप्या नजरेने पाहू नका. तो ज्या पक्षात आहे तो तुम्हाला पटत नसेल, तरी प्रभुभोजनाच्या मेजावर तो तुमच्या शेजारीच आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा की त्याने पैसे खाऊ नयेत, खोटं बोलू नये, दुबळ्याला विसरू नये. आणि महिला मंडळातल्या भगिनींनो, वर्षानुवर्षं संक्रांतीपासून नाताळापर्यंत सगळं कार्य तुम्ही पार पाडता, हिशोब चोख ठेवता. भिंगारमध्ये पुन्हा निवडणूक होईल, मग ती बोर्डाची असो की महापालिकेची, तेव्हा तुमच्यातली कुणी उभी राहिली तर मला मनापासून आनंद होईल.

आपण संख्येने थोडे आहोत म्हणून आपलं कोण ऐकणार, हा विचारही सोडून द्या. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आत होते, साधारण पावणेअकरा लाख. संविधान सभेत राखीव जागांचा प्रश्न आला तेव्हा सभेचे ख्रिस्ती उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धर्मावर आधारलेल्या राखीव जागांचा आग्रह सोडला. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या मतांवर उभं राहू असं ठरवलं. तो विश्वास आपण आपल्या वागण्याने खरा करायचा आहे. त्याच वेळी 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या यादीबाहेर ठेवलं. शिखांसाठी 1956 मध्ये आणि बौद्धांसाठी 1990 मध्ये तो आदेश बदलला, आपल्यासाठी बदलला नाही. नगर जिल्ह्यातल्या बहुसंख्य ख्रिस्ती घरांची मुळं महार आणि मांग समाजात आहेत, म्हणून हा आपल्या घरातला प्रश्न आहे. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात त्यावर याचिका आहे, आणि 2022 मध्ये केंद्राने निवृत्त सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दर ऑगस्टला यासाठी प्रार्थना होते ती जरूर व्हावी. पण आपल्या तरुण संघातल्या किती जणांना तो आदेश काय आहे हे माहीत आहे? एका शनिवारी बसून त्यांना समजावून सांगा. माहितीशिवाय केलेली मागणी पहिल्याच प्रश्नाला कोलमडते.

आता करायचं ते करा. मतदार यादीत नाव आहे का ते बघा. नसेल तर सहा नंबरचा अर्ज भरा, पत्ता बदलला असेल तर आठ नंबरचा. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून कॅन्टोन्मेंटच्या यादीत असेलच असं धरून चालू नका. ती यादी वेगळी बनते, तिची चौकशी बोर्डाच्या कार्यालयात वेगळी करा. राज्य सरकारच्या खात्यांबद्दल गाऱ्हाणं असेल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. अर्जाला उत्तर मिळत नसेल तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज मंडळीतल्या शिकलेल्या मुलांनी लिहून द्यावा, आणि तो कोणत्या धर्माचा आहे हे विचारू नये.

पाळकसाहेबांना माझी विनंती आहे. येत्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेआधी मंडळीला विचारा की या आठवड्यात कोणत्या कचेरीत कुणाचं काम अडलं आहे. नावं येतील. त्या कचेरीसाठी, तिथल्या साहेबांसाठी, तिथल्या कारकुनासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. आणि सोमवारी त्या माणसाबरोबर कचेरीत जायला मंडळीतले दोघे कोण तयार आहेत, हे आशीर्वादाआधीच विचारून घ्या.